गवस सरांचा कुंडलिनीचा वर्ग

सीताराम गवस यांनी परळच्या एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं माणसांच्या हाडांचे फोटो काढले. खात्यात त्यांना एक्स-रेवाले गवस म्हणत. टेबलावर माणूस आडवा करायचा, वरची नळी नेमकी जागेवर आणायची, काचेमागे जायचं आणि सांगायचं, "श्वास घ्या. धरा. हलू नका. सोडा." दिवसाला साठ-सत्तर वेळा हे म्हणून म्हणून त्यांचा आवाजच तसा झाला होता, मऊ पण हुकमी. घरी ते चहा मागायचे तेव्हाही त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना क्षणभर वाटायचं, आता हलू नये.

असा हा माणूस कुंडलिनीच्या नादाला लागला तो एका मोडलेल्या खुब्यामुळे. गिरगावात फणसवाडीत राहणारे बर्वे मास्तर जिन्यावरून पडले आणि स्ट्रेचरवरून गवसांच्या खोलीत आले. वय पंचाहत्तर, खुबा मोडलेला, आणि म्हातारा शांतपणे छताकडे बघत पडलेला. फोटो काढून झाल्यावर म्हणाला, "जरा दाखव रे." गवसांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. मोडलेली जागा दाखवायला ते बोट पुढे करणार, तोच मास्तरांनी स्वतःचं बोट कण्याच्या शेवटाला, त्या त्रिकोणी हाडावर ठेवलं.

"इथं ती निजलेली असते. साडेतीन वेढे घालून."

"कोण?"

"शक्ती. सगळ्यांत असते. तुझ्यातही आहे."

तोवर गवसांनी ते हाड हजारो वेळा पाहिलं होतं. पांढरं, मधे भोकं असलेलं हाड, त्याच्या टोकाला माकडहाड. त्यात कुणी निजलेलं त्यांना कधी दिसलं नव्हतं. पण घरी गेल्यावर जेवताना त्यांनी दोनदा हात मागे नेऊन कंबरेखाली चाचपलं. लक्ष्मीबाईंनी विचारलं, ढेकूण चावला काय.

मास्तर बरे झाल्यावर गवस दर रविवारी फणसवाडीत जाऊ लागले. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते. अकरा वर्षं त्यांनी रविवार चुकवला नाही. आसनं शिकले, प्राणायाम शिकले, तास तास न हलता बसायला शिकले. मास्तरांना स्वतःला ऐन तिशीत अनुभव आला होता, पण त्याबद्दल ते फार बोलत नसत. एकदाच सांगितलं की तीन महिने अंगाला कपडा सहन होत नव्हता, पाठीतून विस्तव फिरायचा, आणि त्यांच्या गुरूंनी त्यांना गावी नेऊन शेतात उघड्या पायांनी चालायला लावलं होतं.

गवसांना काही झालं नाही. पायाला मुंग्या यायच्या, त्या मांडी घातल्यामुळे. एकदा कपाळात निळा प्रकाश दिसला म्हणून ते हरखून सांगायला गेले, तर मास्तर म्हणाले, खालच्या दुकानाची ट्यूब आहे, तिची झळक भिंतीवर येते.

मास्तर शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांनी गवसांना एक वही दिली आणि सांगितलं, "तुला अजून झालेलं नाही. होईल, किंवा नाही होणार. पण तू शिकव. तुझा आवाज चांगला आहे, आणि तू लोकांना फसवणार नाहीस."

"कुणाला जास्त झालं तर?"

"तर माझ्याकडे आण."

"आणि तुम्ही नसलात तर?"

मास्तरांनी कूस बदलली. मग म्हणाले, "नवशिक्यांनाच शिकव. पहिल्या पायरीवर सहसा काही होत नाही."

महिन्याभरात मास्तर गेले. गवसांनी डिलाईल रोडच्या एका व्यायामशाळेच्या माडीवरची खोली मागून घेतली आणि सकाळी साडेसहाचा वर्ग सुरू केला. नोकरी होती तेव्हा ड्युटीवर जायच्या आधी, निवृत्तीनंतर सावकाश. पंधरा-सोळा माणसं असायची. निवृत्त कारकून, गुडघे दुखणाऱ्या बायका, बँकेतला एक मुलगा ज्याला झोप येत नव्हती. पैसे ते घेत नसत. नवीन कुणी आलं की पहिल्या दिवशी ते तेच सांगत, आणि जुनी मंडळी ते पाठ असल्यासारखं मान हलवत ऐकत.

"घाबरू नका, सोपं करून सांगतो. आपला पाठीचा कणा आहे. त्याच्या तळाशी एक शक्ती झोपलेली असते, असं योगी सांगतात. वेटोळं घालून बसलेली, म्हणून तिला कुंडलिनी म्हणायचं. कण्यालगत तीन नाड्या आहेत. डावी इडा, ती थंड. उजवी पिंगला, ती गरम. आणि मधे सुषुम्ना. एरवी आपला श्वास डाव्या-उजव्यात फिरत राहतो, मधली वाट बंद असते. श्वास सारखा झाला, मन थांबलं, की ती वाट उघडते आणि शक्ती वर चढू लागते. वाटेत थांबे आहेत, त्यांना चक्रं म्हणतात. माकडहाडापाशी मूलाधार, ओटीपोटात स्वाधिष्ठान, बेंबीपाशी मणिपूर, छातीत अनाहत, गळ्यात विशुद्ध, भुवयांमधे आज्ञा. डोक्यावर सहस्रार. तिथं ती पोचली की माणूस वेगळाच होतो म्हणतात. पण मी तुम्हाला ती चढवायला शिकवणार नाही. मी बसायला शिकवतो आणि श्वास मोजायला शिकवतो. जेवण साधं ठेवा, झोप पुरी घ्या, खोटं बोलू नका, कुणाचं वाईट चिंतू नका. घाई केली तर त्रास होतो."

कुणीतरी हटकून विचारायचं, "सर, तुम्हाला किती वर्षं लागली?"

गवस म्हणायचे, "चला, श्वासापासून सुरुवात करू."

लोकांना ती नम्रता वाटायची. आधी आधी गवसांना त्याची टोचणी लागायची. पुढे सवय झाली.

प्रिती गमरे वर्गात आली ती गेल्या वर्षी जानेवारीत, पाठदुखीसाठी. वय चौतीस. हिंदमाता बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात ती गादीवर बसून साड्या उलगडून दाखवायची. दिवसाला दोनशे साड्या उलगडायच्या आणि तितक्याच घड्या घालायच्या, सगळं कमरेतून वाकून. जवळच्याच चाळीत आई राधाबाई आणि धाकटा भाऊ राजरत्न यांच्याबरोबर राहायची. वडील कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले होते. त्यांना शेवटचं पाहायलाही मिळालं नाही, एवढंच तिने एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी गवसांचं सांगून झाल्यावर ती थांबली. "सर, हे देवाचं आहे का? आमच्या घरात ते चालत नाही. आम्ही बुद्धिस्ट."

"देवाचं नाही. शरीराचं आणि श्वासाचं आहे. साप, वेटोळं, ती चक्रं, ते मानलं नाही तरी चालेल. पाठ सरळ ठेवून बस, तुझी कंबर सुधारेल."

"मग ठीक आहे. पप्पा आनापान करायचे रोज, येणारा-जाणारा श्वास बघत बसायचे. ते मला जमलं नाही कधी."

तिची कंबर खरोखर सुधारली. महिन्याभरात ती तासभर न हलता बसू लागली. गवसांना ती आवडायची, कारण ती प्रश्न विचारत नसे, वेळेवर येई आणि सतरंजी नीट घडी करून ठेवी.

मार्चमधला मंगळवार होता. सगळे डोळे मिटून बसले होते. गवस सवयीने म्हणत होते, घ्या, धरा, सोडा. प्रिती तिसऱ्या रांगेत होती. तिची मान हळूहळू मागे गेली. मग पाठ हलायला लागली, खालून वर, एक एक मणका सुटा झाल्यासारखी. हात मांड्यांवरून उचलले गेले आणि हवेत तरंगत राहिले. घशातून एक लांब आवाज निघाला, रडण्याचाही नाही आणि गाण्याचाही नाही, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

एकेकाने डोळे उघडले. तिच्या बाजूला बसणाऱ्या शेवंतीबाई परब चटकन सरकल्या आणि त्यांनी हात जोडले. बँकेतला मुलगा उभा राहिला. मग सगळ्यांनी वळून गवसांकडे पाहिलं.

गवसांच्या अंगावर काटा आला होता. मास्तरांच्या वहीत जे जे लिहिलं होतं ते त्यांच्यासमोर, डिलाईल रोडच्या माडीवर, एका साडीच्या दुकानातल्या पोरीच्या पाठीतून चाललं होतं. त्याच वेळी छातीत काहीतरी कडू वर आलं. सत्तावीस वर्षं ते वाट बघत होते आणि हिला आठ आठवडे पुरले. पंधरा माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि ते म्हणाले, "तिला हात लावू नका. जागृत झाली."

दहा मिनिटांनी प्रिती शांत झाली. डोळे पुसून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि लाजून हसली. "मला काय झालं, सर?"

तिने विचारलं ते गवसांना, पण उत्तर शेवंतीबाईंनी दिलं.

दुसऱ्या दिवशी ते घरी झालं. तिसऱ्या दिवशी दुकानात. एक गिऱ्हाईक कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला आलं होतं, प्रितीने शालू उलगडला आणि तिचे हात थांबेनात. पाठ डोलायला लागली, साडी मुठीत आवळली गेली. नवरीची आई घाबरून उठली. शेठनी प्रितीला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि बरं वाटेपर्यंत सुट्टी घे म्हणाले. तीन आठवड्यांनी तिच्या जागेवर दुसरी मुलगी बसली.

प्रितीने गवसांना फोन केला तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. "सर, झोपच येत नाही. पाठीत आग होते, खालून वर. आणि हलणं सुरू झालं की मला थांबवता येत नाही. तुम्ही सांगा ना कसं थांबवायचं."

"आजपासून बसणं बंद," गवस म्हणाले. "श्वासाचं काही करायचं नाही. पोटभर जेव. भात, तूप, जड खा. सकाळी मैदानात मातीवर अनवाणी चाल. पाय थंड पाण्यात ठेव."

हे सगळं मास्तरांच्या वहीत शेवटच्या लिहिलेल्या पानावर होतं. त्यापुढची पानं कोरी होती. गवसांनी ती एक एक करून उलटून पाहिली, दोन पानं चिकटली असतील म्हणून नखाने सोडवूनही पाहिली.

प्रितीने सांगितलं तसं सगळं केलं. आईबरोबर रोज सकाळी मैदानात जाऊन ती अनवाणी फिरली. भात-तूप खाल्लं. फरक पडला नाही. गवसांनी मग नाशिकला फोन लावला. तिथे मास्तरांचे एक जुने शिष्य होते, मोठा आश्रमच चालवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि भारावल्या आवाजात म्हणाले, "भाग्यवान आहे हो मुलगी. अडवू नका तिला. जे होतंय ते होऊ द्या."

"तिला त्रास होतोय."

"त्रास कच्च्या देहाला होतो. तुम्हाला कळेलच."

गवसांनी फोन ठेवला. तुम्हाला कळेलच, म्हणजे गवसांना अनुभव आलेला आहे हे ते गृहीतच धरून होते.

इकडे चाळीत बातमी पसरली होती. सुरुवात शेवंतीबाईंनी केली असावी, पण नंतर कुणाला विचारायची गरज उरली नाही. गमऱ्यांच्या दारात बायका यायला लागल्या. कुणी नारळ आणला, कुणी ओटीचं ताट. एक बाई आजारी नातवाला घेऊन आली आणि प्रितीच्या पायावर घालू लागली. राधाबाई दार अडवून उभ्या राहायच्या. "अहो, आमच्यात नाही चालत हे. पोरगी आजारी आहे माझी." तर बाया उंबऱ्यावरच हळदकुंकू ठेवून जायच्या. राधाबाई ते ओल्या फडक्याने पुसायच्या आणि दुपारी पुन्हा पुसायच्या. आतल्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, शेजारी प्रितीच्या वडिलांचा फोटो. त्याच्याखाली प्रिती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची.

राजरत्न एका संध्याकाळी गवसांकडे आला. विमा कंपनीत नोकरी करणारा, इस्त्रीच्या शर्टातला शांत मुलगा. लक्ष्मीबाईंनी खुर्ची दिली, तो बसला नाही.

"काका, मी भांडायला नाही आलो. एकच विचारायचंय. जागृत झाली, हे तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो."

"म्हणजे काय झालं नेमकं? मला सायन्समध्ये सांगा, नाहीतर तुमच्या शास्त्रात सांगा. पण नीट सांगा."

गवसांनी सांगायला सुरुवात केली. इडा, पिंगला, मधली वाट. त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता, पहिल्या दिवशीच्या वर्गासारखा. राजरत्नने मधेच थांबवलं.

"हे मी नेटवर वाचलं. तुम्ही तिच्यात काय पाहिलंत?"

"तिचं अंग हललं. आपोआप."

"बस? त्यावरून तुम्ही ठरवलंत?" तो खाली बघत राहिला. "आमच्या आजीच्या अंगात यायचं, गावाला. देवीचं म्हणायचे. पप्पांनी आख्खं आयुष्य घालवलं आम्हाला त्यातून बाहेर काढायला. आणि आता माझ्या बहिणीच्या पाया पडायला लोक येतायत. तिला रोज विचारतात, आमच्या मुलाला नोकरी लागेल का. ती रडते, काका. तुम्ही एक करा. लोकांना सांगा की असलं काही नसतं."

"असतं की नसतं, हे मला माहीत नाही रे."

"मग तुम्ही एवढी वर्षं शिकवता काय?"

राजरत्नने थोडा वेळ वाट पाहिली आणि तो गेला. लक्ष्मीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गवस वर्गात उभे राहिले. पंधरा माणसांची आता चाळीस झाली होती, जिन्यातही लोक बसले होते. त्यांनी सरळ सांगितलं. "प्रितीला काय झालं ते मला माहीत नाही. मी तो शब्द वापरला, ती माझी चूक होती. मला स्वतःला असला कुठलाही अनुभव आलेला नाही. कधीच नाही. तिच्या घरी जाऊ नका. तिला त्रास होतो."

मग मागून एक गृहस्थ शेजारच्याला हळूच म्हणाले, "बघा. अहंकार कसा तो नाही." शेवंतीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. त्या संध्याकाळी गमऱ्यांच्या दारात आदल्या दिवसापेक्षा जास्त माणसं होती.

गवस घरी येऊन पलंगावर बसले ते बसूनच राहिले. लक्ष्मीबाईंनी ताट वाढलं, झाकलं, पुन्हा उघडलं. त्या एरवी त्यांच्या योगाबद्दल काही बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"नाव तुमी दिल्यात. आता गप बसान काय उपयोग? तिका डाक्टराकडे नेवा. तुमचा हॉस्पिटल थंयच आसा."

एकतीस वर्षं ज्या इमारतीत काढली तिथं जायचं गवसांना तोवर सुचलं नव्हतं. सुचलं असेल तर त्यांनी ते बाजूला सारलं होतं. डॉक्टरकडे नेलं की ती पेशंट होणार होती. मग त्या मंगळवारी माडीवर जे दिसलं तेही काही नव्हतं असं ठरलं असतं, आणि त्यांनी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं होतं. हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं आणि त्यांना आपली लाज वाटली.

ते राजरत्नकडे गेले. तो लगेच हो म्हणाला. जुन्या ओळखींनी नंबर लवकर लागला. राधाबाई, राजरत्न, प्रिती आणि गवस, असे चौघे ओपीडीच्या बाकावर बसले. प्रिती खूप वाळली होती. मधेच तिची पाठ डोलायला लागली तेव्हा समोरच्या बाकावरची माणसं टक लावून बघू लागली. राधाबाईंनी आपली ओढणी तिच्या खांद्यांवर टाकली, जणू थंडी वाजत असावी.

मेंदूचा आलेख काढला, रक्त तपासलं, मणक्याचे फोटो काढले. गवसांच्या जागी आता मनवा नावाची तरुण मुलगी होती, ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. आता फिल्म वगैरे काही नव्हतं, सगळं पडद्यावर. "सर, या ना आत," ती म्हणाली. गवस काचेमागे उभे राहिले. पडद्यावर प्रितीचा कणा आला. सरळ, निरोगी, मणके एकावर एक नीट बसलेले. खाली तो त्रिकोण.

"नॉर्मल आहे, सर," मनवा म्हणाली.

"हो," गवस म्हणाले आणि तरी बघत राहिले. शेवटी मनवाने पुढच्या पेशंटला हाक मारली.

मेंदूविकाराच्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी रिपोर्ट पाहिले, प्रितीशी अर्धा तास एकटीशी बोलल्या, मग सगळ्यांना आत घेतलं.

"फिट नाही. गाठ नाही. आणि ती नाटकही करत नाही, हे घरच्यांनी आधी लक्षात घ्या. शरीर कधी कधी असं वागतं. मेंदूची रचना ठीक असते, पण चालवण्यात गडबड होते. त्यामागे दुःख असू शकतं, थकवा असू शकतो, श्वासाचे व्यायामही असू शकतात. मी आधी झोप परत आणते. बाकीचं हळूहळू. एका समुपदेशकाकडेही जावं लागेल."

मग त्यांनी गवसांकडे पाहिलं. "तुम्ही शिकवता ना हे? तुम्हाला असं झालं होतं तेव्हा किती दिवसांनी थांबलं?"

"मला झालं नाही."

"कधीच?"

"नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. राजरत्न खिडकीबाहेर बघत होता. प्रिती मात्र गवसांकडे बघत होती. तिला हे नवीन होतं. ती माडीवर पुन्हा गेलीच नव्हती, त्यामुळे त्यांचं त्या दिवशीचं बोलणं तिने ऐकलं नव्हतं. तिला वाटत होतं की या रस्त्यावरून सर आधी जाऊन आलेत.

गोळ्यांनी झोप आली. महिन्याभराने हलणं दिवसातून एकदोनदाच व्हायचं, पावसाळा सरता सरता आठवड्यातून एकदा. पण दारातली माणसं कमी होईनात. म्हणून गमऱ्यांनी चाळ सोडली आणि शीव कोळीवाड्याला राधाबाईंच्या बहिणीच्या शेजारी भाड्याची खोली घेतली. सामान हलवायच्या दिवशी गवस गेले होते. राजरत्नने त्यांच्या हातात एक पिशवी दिली, टेम्पोत ठेवायला, एवढंच. राधाबाईंनी चहा विचारला.

प्रिती जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती. आसपास कुणी नाही असं बघून ती म्हणाली, "सर, एक बोलू? कुणाला सांगू नका. पहिल्या दिवशी मला खूप बरं वाटलं होतं. पप्पा गेल्यापासून तसं वाटलं नव्हतं कधी. म्हणजे सगळं मोकळं झाल्यासारखं. नंतरचं नको झालं. पण तो पहिला दिवस..." ती थांबली. "ते काय होतं? डॉक्टर म्हणतात ते, की तुम्ही म्हणालात ते?"

"मला माहीत नाही, बाळा."

"गोळ्यांनी ते पण जाईल का?"

गवसांना वाटलं, हिला काहीतरी द्यायला हवं, एखादा शब्द तरी. मास्तर असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, हे त्यांनी आठवून पाहिलं. मास्तरांचा चेहरा आठवला, शब्द आठवले नाहीत. "गोळ्या बंद करू नकोस," ते म्हणाले. "डॉक्टर सांगतील तोवर घे."

"घेते," प्रिती म्हणाली. तिने मान वळवली आणि टेम्पोत चढणाऱ्या कपाटाकडे बघू लागली.

ती आता शीवला एका शिवणाच्या कारखान्यात चेकिंगचं काम करते, बसून, कुणाच्या समोर जावं लागत नाही असं. गवस महिन्यातून एकदा फोन करतात. कधी ती उचलते, कधी राधाबाई. बरी आहे, एवढं कळतं.

वर्ग त्यांनी बंद केला. म्हणजे ते जायचे थांबले. आठवड्याभराने व्यायामशाळेच्या भिंतीवर फलक लागला, ठाण्याहून कुणी गुरुजी येणार म्हणून. फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की याच वास्तूत एका साधिकेला जागृती लाभली. नाव दिलं नव्हतं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. गवसांनी कमिटीच्या माणसाला गाठून ते वाक्य काढायला सांगितलं. तो आदराने म्हणाला, "काढतो, सर." फलक दिवाळीपर्यंत तसाच होता.

सकाळी ते अजून घरातल्या कोपऱ्यात बसतात. इतक्या वर्षांची सवय, अंग आपोआप मांडी घालतं. पण डोळे मिटले की त्यांना पूर्वी नव्हती अशी भीती वाटते. कण्यात जरा ऊब जाणवली की दचकतात. ती काही वेळाने निघून जाते, आणि गेल्यावर त्यांना वाईटही वाटतं. यातलं कुठलं खरं आपलं, ते त्यांना सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात लालबागहून एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, दमलेले, हातात फुलपुडा. त्यांना शिकायचं होतं. गवसांनी दारातच सांगितलं की मी शिकवत नाही, मला त्यातलं काही येत नाही. गृहस्थ समजूतदारपणे हसले आणि म्हणाले, "माहीत आहे, सर. लगेच कुणाला घेत नाही तुम्ही. मी थांबतो." ते जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले. गवस दोनदा बाहेर आले, समजावलं, हात जोडले. त्यांनीही हात जोडले. तास गेला, दुसरा गेला. त्यांच्याही घरी कुणीतरी आजारी असावं, नाहीतर माणूस असा बसत नाही.

शेवटी लक्ष्मीबाई चहाचा कप घेऊन बाहेर गेल्या. "ते घरात नाय हत," त्या म्हणाल्या. "च्या घेवा आणि जावा."

त्यांच्या मागे दार सताड उघडं होतं आणि गवस आत पलंगावर बसलेले समोरच दिसत होते. गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं, कप घेतला आणि म्हणाले, "हरकत नाही. येतील तोवर बसतो."